कुलूपबंद दार नेमके कुठे तुटते?

मराठी वृत्तपत्रांतील घरफोडीच्या बातमीला एक ठरलेली भाषा आहे. 'बंद घराच्या दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी आत प्रवेश केला' हे वाक्य पोलीस ठाण्यातील फिर्यादीतून जसेच्या तसे बातमीत उतरते, आणि ते इतके सवयीचे झाले आहे की वाचणारा पुढे जाऊन थेट किती तोळे सोने गेले एवढेच पाहतो. परंतु त्या ठोकळेबाज वाक्यात दाराच्या सुरक्षेविषयीची सर्वांत महत्त्वाची माहिती आलेली असते. काही बातम्यांत 'कुलूप तोडून' असेही लिहिलेले असते. तरीही उचकटला जातो तो बहुधा कडी-कोयंडा, आणि अनेकदा कुलूप बिचारे त्याच कडीत अडकलेले, बंद आणि धडधाकट अवस्थेत जमिनीवर सापडते. घर बंद करून जाताना आपण मात्र जवळजवळ सगळा विचार आणि सगळा खर्च कुलपावर करतो.

मला हे कोकणातल्या आमच्या घराने शिकवले. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि गणपतीला, उघडले जाणारे ते घर. एका भाद्रपदात पावसाने आतून गंजलेल्या कुलपात किल्ली अर्धवट फिरून अडकली. कुलूप मोठे होते, जड होते, आणि मी ते दुकानदाराला 'सगळ्यांत भक्कम दाखवा' असे सांगूनच घेतले होते. शेजारचे काका पहार घेऊन आले. त्यांनी कुलपाला हातही लावला नाही. पहारेचे टोक कोयंड्याच्या पट्टीमागे सरकवले आणि दोन हिसक्यांत पट्टी चारही स्क्रूंसह चौकटीतून बाहेर काढली. स्क्रू जेमतेम पेरभर लांबीचे होते आणि त्यांच्या पेचांना लाकडाचा भुसा चिकटलेला होता. कुलूप अजूनही बंदच होते. काका म्हणाले, "कुलूप चांगलं आहे हो तुमचं, ठेवून द्या." दोन दिवसांवर गणपती होते, म्हणून मी तेव्हा हसलो, नंतर मात्र बराच काळ त्या चार स्क्रूंकडे पाहत बसलो होतो.

कुलूप लावलेले दार म्हणजे एकामागे एक जोडलेल्या वस्तूंची रांग असते, आणि बाहेरून लावलेला जोर त्या रांगेतून एकीकडून दुसरीकडे जात असतो. कुलपाचे शरीर, त्यातून निघणारा वाकवलेला दांडा, तो दांडा ज्यातून ओवला जातो तो कोयंडा, कोयंड्यावर येऊन बसणारी कडी, या दोघांना लाकडाशी धरून ठेवणारे स्क्रू, ते स्क्रू ज्यात रुतले आहेत ती झडप आणि चौकट, आणि शेवटी त्या चौकटीला भिंतीत पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या. यांतील सर्वांत कच्ची गोष्ट जितका जोर सोसू शकते तितकाच जोर ते दार सोसते. म्हणजे पाचशे रुपयांचे कुलूप काढून तीन हजारांचे लावले, पण कोयंडा आणि स्क्रू तेच ठेवले, तर दाराची ताकद एका किलोनेही वाढत नाही. हा हिशेब पटायला सोपा असला तरी तो बाजाराच्या सोयीचा नाही, कारण दुकानात कुलूप आकर्षक वेष्टनात मिळते आणि कोयंडा खोक्यातल्या ढिगातून काढून कागदात गुंडाळून दिला जातो.

पहारेला किंवा कटावणीला एवढे बळ कुठून येते, हे तरफेच्या नियमाने कळते. टेकूच्या एका बाजूला पहारेची लांबी ३ सेंटीमीटर आणि दुसऱ्या बाजूला ९० सेंटीमीटर असेल, तर हाताने लावलेला जोर दुसऱ्या टोकाला ३० पट होतो. साधा माणूस सहज ३० किलो वजनाइतका जोर लावू शकतो, म्हणजे पट्टीमागे ९०० किलोंच्या आसपास ओढ निर्माण होते. अशी ओढ लाकडात रुतलेले आखूड स्क्रू सोसू शकत नाहीत. मात्र याच हिशेबाला दुसरी बाजू आहे आणि बचावाचा सगळा विचार तिथूनच सुरू होतो: तरफेला टोक घुसवायला फट लागते आणि टेकायला जागा लागते. फट नसेल, पट्टी लाकडाशी पूर्ण चिकटून बसली असेल, तर तीच पहार हातात असूनही निरुपयोगी ठरते. म्हणूनच सुताराने कोयंडा बसवताना लाकडात पट्टीच्या जाडीइतकी खाच मारून ती समतल बसवली की नाही, ही बारीकशी वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात मोठी असते.

आता स्क्रूंकडे वळू, कारण बहुतेक दारांचा पराभव तिथेच ठरलेला असतो. स्क्रू लाकडात टिकतो तो त्याच्या पेचांनी पकडलेल्या लाकडाच्या जोरावर, आणि ही पकड साधारणपणे लाकडात गेलेल्या लांबीच्या प्रमाणात वाढते. २५ मिलिमीटरऐवजी ७५ मिलिमीटर लांबीचा स्क्रू घेतला तर पकड जवळपास तिप्पट होते. लाकूड किती घट्ट आहे यावरही ती अवलंबून असते, त्यामुळे सागवानात बसवलेला स्क्रू आणि हलक्या लाकडाच्या चौकटीतला स्क्रू यांत पुष्कळ अंतर पडते, आणि वाळवीने आतून पोखरलेल्या चौकटीत तर कोणताही स्क्रू केवळ शोभेचा असतो. एकाच भोकात स्क्रू दोन-तीनदा काढून पुन्हा बसवले की पेच लाकूड धरत नाहीत. मग मिस्त्री त्यात काडेपेटीच्या काड्या ठोकून काम भागवतो. कपाटाच्या दाराला हे चालेल, मुख्य दाराला चालू नये.

यावरचा खात्रीचा उपाय असा की स्क्रू वापरूच नयेत. झडपेच्या आरपार जाणारे नट-बोल्ट वापरावेत. त्यासाठी गोल घुमटासारख्या गुळगुळीत माथ्याचे बोल्ट मिळतात, ज्यांच्या माथ्याखाली मानेचा थोडा भाग चौकोनी असतो. माथ्याला खाच नसल्याने बाहेरून त्यात पेचकस लागत नाही किंवा पान्याची पकड बसत नाही, आणि चौकोनी मान पट्टीच्या चौकोनी भोकात किंवा लाकडात रुतत असल्याने बोल्ट फिरतही नाही. नट आतल्या बाजूला येतो. परंतु आत केवळ नट आणि छोटा वायसर ठेवला तर मोठ्या ओढीखाली तो वायसर लाकडातच घुसू शकतो. म्हणून झडपेच्या आतून ३ ते ५ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी बसवून सर्व बोल्ट तिच्यातून काढावेत. आता पहार लावणाऱ्याला चार स्क्रूंऐवजी संपूर्ण पट्टी लाकडातून ओढून काढावी लागेल, आणि हे काम पूर्णपणे वेगळ्या दर्जाचे आहे. नट घट्ट केल्यावर बोल्टचे उरलेले टोक ठोकून पसरवले, तर आतूनही तो सहज निघत नाही. हे सारे साहित्य कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि सुताराचे काम तास-दोन तासांचे असते.

कडी-कोयंड्याच्या घडणीतही भेद आहेत. जुन्या दारांना वरच्या बाजूला साखळीची कडी असते आणि ती दाराच्या डोक्यावरच्या चौकटीतल्या कोयंड्यात अडकवून त्यात कुलूप घातले जाते. तो कोयंडा पुष्कळदा लाकडाच्या आरपार जाऊन आतून वाकवलेला असतो, त्यामुळे तो उपटणे कठीण जाते. त्या जुन्या लोहाराला बोल्ट आणि मागची पट्टी यांचे तत्त्व आपल्या पद्धतीने ठाऊक होते. त्याचा दोष वेगळा आहे. दार फक्त वरच्या टोकाला धरलेले असते, त्यामुळे खालून जोर लावल्यावर झडप लवते आणि फट पडते. दुहेरी झडपांच्या दारात आणखी एक गोम असते: कडी दोन झडपा एकमेकींना जोडते, पण जी झडप आपण एरवी बंद ठेवतो तिचे आतले वरचे आणि खालचे बोल्ट सरकवलेले नसतील किंवा उंबरठ्यातले त्याचे भोक झिजून मोठे झाले असेल, तर दोन्ही झडपा जोडलेल्या अवस्थेतच आत ढकलल्या जातात. बाहेर पडण्यापूर्वी ते दोन बोल्ट हाताने तपासण्याला काही पैसे पडत नाहीत.

अलीकडच्या घरांत अल्ड्रॉप दिसतो, म्हणजे गोल सळईचा आडवा सरकणारा बोल्ट, ज्याच्या पट्टीत कुलूप घातले जाते. हा प्रकार साध्या कडीपेक्षा मुळात चांगला, कारण सळई स्वतः चौकटीत शिरते आणि जोराचा मोठा भाग तीच घेते. भारतीय मानक ब्युरोचे आयएस २८१ हे मानक कुलपासह वापरायच्या माइल्ड स्टीलच्या अशा सरकत्या बोल्टांसाठीच आहे, आणि कुलपांसाठी आयएस २७५ हे वेगळे मानक आहे. दोघांचा विचार एकत्र करायचा असतो हे त्या पहिल्या मानकाच्या नावातच आले आहे. अल्ड्रॉप घेताना सळईची जाडी हाताने तोलून पाहावी, पत्रा वाकवून केलेल्या पोकळ नळीचा प्रकार टाळावा, आणि कुलूप लागल्यावर बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही ना, हे पाहावे. साध्या कडीच्या बाबतीतही हीच कसोटी आहे: कडी बंद झाल्यावर तिने आपले सर्व स्क्रू झाकले पाहिजेत. स्क्रू उघडे राहत असतील तर कुलपाची गरजच उरत नाही, साधा पेचकस पुरतो. असे कोयंडे मी सुस्थितीतल्या बंगल्यांच्या मागच्या दारांवरही पाहिले आहेत.

एवढे झाल्यावर कुलपाकडे यावे. कुलपाच्या सुरक्षेचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर तारेने कुलूप उघडणारा चोर येतो, पण तो बहुतांशी चित्रपटातला आहे. किल्लीशिवाय चांगले कुलूप उघडणे किती किचकट असते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण १८५१ सालचे आहे. जोसेफ ब्रामा यांच्या कंपनीने लंडनच्या पिकाडिली भागातील दुकानाच्या खिडकीत एक कुलूप अनेक दशके आव्हान म्हणून मांडून ठेवले होते, आणि ते उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस जाहीर केले होते. त्या वर्षीच्या भव्य प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकी कारागिराने ते उघडले, पण त्यासाठी त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. आपल्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे ५१ मिनिटेही नसतात. त्याला कौशल्य नव्हे, वेग हवा असतो. म्हणून तो किल्लीच्या भोकाच्या वाटेला फारसा जात नाही.

तरीही कुलपाची आतली रचना अगदीच गौण नाही. आपल्याकडे प्रचलित असलेल्या लिव्हरच्या कुलपात पितळी किंवा पोलादी पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात आणि योग्य किल्ली त्या प्रत्येकीला नेमक्या उंचीवर उचलते, तेव्हाच बोल्ट सरकतो. एकही पट्टी कमी किंवा जास्त उचलली गेली तरी अडते. ही कल्पना रॉबर्ट बॅरन याने १७७८ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट केली होती. मुंबईत लालबागला १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून 'किती लिव्हरचे?' हा प्रश्न आपल्याकडच्या गिऱ्हाइकाच्या तोंडी रुळत गेला. लिव्हर जास्त असले की दुसऱ्याच किल्लीने कुलूप उघडण्याची शक्यता कमी होते, हे खरे. पण लिव्हरची संख्या पहारेबद्दल काहीही सांगत नाही. आठ लिव्हरच्या कुलपाचा दांडा पातळ असेल तर तो पातळच राहतो.

म्हणून कुलूप घेताना आधी दांडा पाहावा. जाडीचा फरक दिसतो त्यापेक्षा जास्त असतो, कारण ताकद दांड्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते: ६ मिलिमीटर जाड दांड्याचा छेद सुमारे २८ चौरस मिलिमीटर भरतो, तर १२ मिलिमीटर जाड दांड्याचा सुमारे ११३, म्हणजे जाडी दुप्पट केली की छेद चौपट होतो. शिवाय दांड्याचे पोलाद कठीण केलेले हवे. साध्या पोलादावर कापायचे हत्यार चालते, तर उष्णता देऊन कठीण केलेल्या किंवा बोरॉन मिसळलेल्या पोलादावर हातकात्रीची धारच बोथट होते. दुकानातील चांगल्या कुलपांवर 'हार्डन्ड' हा शब्द दांड्यावरच कोरलेला असतो, तो शोधावा. दुसरी गोष्ट म्हणजे दांडा आतून दोन्ही पायांनी पकडला जातो की एकाच. स्वस्त कुलपांत एकाच पायाला खाच असते आणि ती छोट्या स्प्रिंगच्या जोरावर अडकते. अशी कुलपे नुसत्या दणक्यानेही सुटू शकतात. दोन्ही पाय धरणाऱ्या, आणि किल्ली फिरवूनच बंद होणाऱ्या कुलपाची पकड बरीच घट्ट असते. त्याचा एक जास्तीचा फायदा असा की कुलूप लावल्याशिवाय किल्ली निघत नाही, म्हणजे 'लावलं का मी?' या एसटीत बसल्यावर सुरू होणाऱ्या छळातून सुटका होते.

तिसरी गोष्ट फटीची. लांब दांड्याचे कुलूप लावायला सोयीचे असते, पण कोयंडा आणि कुलपाचे शरीर यांच्यामध्ये जितकी मोकळी जागा राहते तितकी ती पहारेलाही सोयीची असते. कोयंड्याच्या भोकाला दांडा जवळपास भरून काढील असे कुलूप निवडावे. हलवून पाहिले तर ते फार लोंबकळू नये. ज्यांचे दार एकाकी जागी आहे त्यांनी दांडा जवळपास पूर्ण लपवणारी गोल, थाळीसारखी कुलपे किंवा कुलपाला तीन बाजूंनी झाकणारी लोखंडी पेटी यांचा विचार करावा. युरोपातील ईएन १२३२० हे मानक कुलपांना १ ते ६ अशा श्रेणी देते आणि त्यासाठी दांडा ओढणे, पिळणे, कापणे अशा चाचण्या घेते. आयात कुलपावर हा आकडा दिसला तर तो उपयोगी ठरतो. मात्र श्रेणी ६ चे कुलूप पेरभर स्क्रूंच्या कोयंड्यात लावणे म्हणजे आमच्या गणपतीचीच पुनरावृत्ती होय.

समोरची बाजू भक्कम झाली की जोर दुसरीकडे वळतो. बिजागऱ्या त्यांपैकी पहिल्या. दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या आत राहतात आणि चिंता कमी असते. पण बाहेर उघडणाऱ्या जाळीच्या दाराच्या आणि गच्चीच्या दाराच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात, आणि त्यांची खिटी वर काढली की कुलूप लागलेले दार उलट्या बाजूने मोकळे होते. लोखंडी दाराच्या खिटीला दोन्ही टोकांना वेल्डिंगचा एक-एक टिपका मारला की हा प्रश्न संपतो. लाकडी दारात बिजागरीच्या बाजूला झडपेच्या कडेत एक जाड स्क्रू अर्धा बाहेर ठेवून त्याच्यासमोर चौकटीत भोक पाडतात. दार बंद झाले की तो स्क्रू त्या भोकात शिरतो, आणि खिटी काढली तरी झडप सरकत नाही.

चौकट भिंतीला होल्डफास्ट नावाच्या लोखंडी पट्ट्यांनी धरलेली असते; साधारण सात फुटी दाराला दोन्ही बाजूंना तीन-तीन असा प्रघात आहे आणि त्यांच्याभोवती काँक्रीट भरायचे असते. नूतनीकरणात चौकट बदलताना ठेकेदार पुष्कळदा हा त्रास वाचवतो आणि फोम व दोन-चार लांब स्क्रूंवर भागवतो. प्लास्टर झाल्यावर काहीच दिसत नाही, म्हणून ते होण्यापूर्वी स्वतः उभे राहून पाहणे, एवढाच उपाय आहे. झडपेबाबत एवढेच की मुख्य दार आतून भरीव असलेल्या फ्लश दाराचे किंवा लाकडाचे असावे. पोकळ दारावर सनमायका कितीही सुंदर असला तरी तो लाथेसमोर टिकत नाही.

दुकानाच्या शटरचे शास्त्र थोडे निराळे आहे, आणि 'शटर उचकटून' हेही बातम्यांतले तितकेच ओळखीचे वाक्य. शटर पत्र्याच्या अरुंद पट्ट्यांचे बनलेले, दोन्ही कडांना खाचांमध्ये धरलेले आणि खाली दोन कोपऱ्यांत कुलूपबंद केलेले असते. कोपरे घट्ट असले तरी मधला पत्रा कमानीसारखा वर उचलला जाऊ शकतो, आणि शटर जितके रुंद तितके मधले पोट ढिले. म्हणून रुंद शटरला मध्यभागी तिसरे कुलूप हवे आणि त्याचा कोयंडा फरशीवर स्क्रूने बसवलेला नव्हे, तर काँक्रीटमध्ये खोल पुरलेला हवा. शटरच्या खालच्या कडेला आतून एक लोखंडी कोनपट्टी जोडली तर ती कमान होण्यालाच विरोध करते. कुलपासाठी शटरला बेतलेली, जमिनीलगत बसणारी आणि दांडा लपवणारी कुलपेच वापरावीत. लटकणारे कुलूप इथे अगदी अयोग्य.

कुलपाचा एक मूलभूत दोष कितीही खर्च केला तरी जात नाही, आणि तो म्हणजे ते बाहेर लटकते. बाहेर लटकणारे कुलूप येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असते की आत कोणी नाही. आपल्या वाड्यांतला अडसर याच्या नेमका उलट होता: भिंतीतल्या पोकळीत सरकणारा तो जाड लाकडी दांडा दाराचा सगळा जोर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टाकत असे, पण तो लावायला माणूस आत असावा लागे. या दोहोंमधली एक जुनी युक्ती मोठ्या घरांत अजूनही उपयोगी पडते. रस्त्याकडचे मुख्य दार आतून अडसर किंवा बोल्ट लावून बंद करावे आणि कुलूप मागच्या, शेजाऱ्यांच्या नजरेतल्या दाराला लावून बाहेर पडावे. मग बळकट करायचे दारही एकच उरते. सदनिकेत मागचे दार नसते, पण तिथे दाराच्या जाडीत बसवलेले आणि बाहेरून फक्त किल्लीचे भोक दिसणारे कुलूप वापरून जाळीच्या दारावरचे लटकते कुलूप टाळता येते. दोन-तीन बोल्ट एकाच किल्लीने चौकटीत शिरवणारी अशी कुलपे मिळतात. तीही लाकडातच बसतात आणि चौकटीतल्या त्यांच्या पट्टीचे स्क्रू लांबच हवेत, हे ओघाने आलेच.

कुठलेही दार कायमचे अभेद्य करता येत नाही. आपण विकत घेतो ती मिनिटे. शांतपणे अर्ध्या मिनिटात उघडणारे दार पाच मिनिटे घेऊ लागले आणि त्या पाच मिनिटांत ठोकाठोकीचा आवाज होऊ लागला, तर बरेचसे काम झाले. पण तो आवाज ऐकायला कोणी तरी असले पाहिजे. हालचाल जाणवताच लागणारा दिवा किंवा दाराला बसवलेला साधा भोंगा यांचे मोल त्यामुळे भक्कम कोयंड्याच्या जोडीनेच असते. दार लगेच उघडत असेल, तर भोंगा वाजून लोक जमेपर्यंत सगळे आटोपलेले असते.

पावसाळ्याचा उल्लेख आधी झालाच आहे. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडी कुलूप एका हंगामात गंजते. तिथे पितळी शरीराचे आणि गंजरोधक दांड्याचे कुलूप घ्यावे, आणि त्यावर पाणी थेट पडणार नाही असे छोटे झाकण असावे. आपल्याकडे कुलपात खोबरेल तेल सोडण्याची पद्धत आहे. ती सद्भावनेने केलेली चूक आहे: खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते, आणि न थिजले तरी धूळ धरून चिकट गाळ बनवते, त्यामुळे थंडीत लिव्हर हलेनासे होतात. त्याऐवजी शिसपेन्सिलीच्या शिशाची, म्हणजे ग्रॅफाइटची कोरडी पूड किल्लीला लावून ती दोन-चार वेळा फिरवावी.

एक सावधगिरी मात्र या सगळ्याच्या वरची आहे. माणसे आत असताना बाहेर पडण्याच्या वाटेवर कुलूप लावून किल्ली दूर ठेवू नये. बाल्कनीची लोखंडी जाळी, जिन्यावरचा सरकता जाळीदरवाजा, दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपणाऱ्या कामगारांसाठी बाहेरून बंद केलेले शटर, या जागा आग लागल्यावर सापळा होतात, आणि जे दार चोराला पाच मिनिटे रोखते ते आतल्या माणसालाही तितकेच रोखते. रात्री आतून कुलूप लावणे भागच असेल तर किल्ली दाराजवळच, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशा ठरलेल्या खुंटीवर असावी आणि ती जागा घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असावी. जाळीच्या एका भागाला उघडणारी खिडकी ठेवावी.

कायद्याचीही एक बाजू जाता जाता सांगण्यासारखी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घरफोडीची व्याख्या कलम ३३० मध्ये आहे आणि शिक्षा कलम ३३१ मध्ये. राहत्या घरातील चोरी कलम ३०५ मध्ये येते. गुन्हा करण्यासाठी कुलूप उघडणे, मग ते न तोडता उघडले तरी, या व्याख्येत बसते. विम्याचे मात्र तसे नाही. घरफोडीच्या अनेक पॉलिसींत बळजबरीने प्रवेश झाल्याची अट असते, आणि युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये पॉलिसीतील शब्दांना धरून असे म्हटले की बळाचा वापर नसेल तर भरपाई मिळणार नाही. म्हणजे नकली किल्लीने उघडलेल्या दारामागची चोरी कायद्याने घरफोडी ठरू शकते आणि विम्याने नाकारली जाऊ शकते. विमा घेताना ती अट वाचावी. आणि दार फोडलेले दिसले तर कुलूप, कोयंडा, काहीही न उचलता, आत न जाता ११२ वर कळवावे. बोटांचे ठसे आणि बळजबरीच्या खुणा दोन्ही त्याच लोखंडावर असतात.

आमच्या कोकणातल्या दाराचे काम त्यानंतरच्या मे महिन्यात झाले. कोयंड्याची जुनी जागा चिरफाळलेली होती, म्हणून सुताराने तिथले लाकूड वीतभर कापून काढले, सागवानाचा तुकडा सांधला, आणि नवा कोयंडा चार आरपार बोल्टांनी बसवून आतून लोहाराकडची पट्टी लावली. मागच्या पडवीच्या दाराची खिटी निघत होती, तिचाही बंदोबस्त झाला. कुलूप मात्र तेच ठेवले. त्यातला गंज काढून, शिशाची पूड घालून ते पुन्हा चालू झाले. किल्लीची दुसरी प्रत पहारवाल्या काकांकडे दिली आहे. त्यांनी नव्या कोयंड्यामागे नख घालून पाहिले, ते शिरले नाही, तेव्हा ते म्हणाले, "आता पुढच्या गणपतीला किल्ली हरवू नका म्हणजे झालं."